सोलकढीसाठी लागणारे आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घरी करून वर्षभर टिकवता येते का?

होय, भिरंडांचे, म्हणजे कोकमाच्या फळांचे, आगळ घरी सहज करता येते आणि मिठात हात आखडता घेतला नाही, तर ते पुढच्या हंगामापर्यंत टिकते. गोव्यातील घरांत रूढ असलेल्या पद्धतीप्रमाणे एप्रिल-मे महिन्यांत मिळणारी पूर्ण पिकलेली, गर्द लाल भिरंडे धुऊन कोरडी पुसावीत, फोडावीत आणि साली व बियांसकट गर चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत मिठाचे थर देत भरावा. एक किलो फळांना सुमारे 200 ग्रॅम जाडे मीठ पुरते. मीठ फळातील रस ओढून घेते आणि फळाच्या आंबटपणासह बुरशीला रोखते, म्हणून उकळण्याची गरज पडत नाही. रोज लाकडी चमच्याने हलवल्यास आठवडाभरात साली आक्रसतात व जांभळट लाल रस सुटतो. तो फडक्यातून गाळून कोरड्या बाटलीत भरावा. अ‍ॅल्युमिनियमचे भांडे मुळीच वापरू नये. साली उन्हात कडक वाळवल्या की हुमणात (गोव्याच्या माशांच्या आमटीत) घालता येतात, त्या फेकणे म्हणजे निव्वळ नासाडी. मात्र हे आगळ बरेच खारट असते, त्यामुळे सोलकढीत वेगळे मीठ चव पाहूनच घालावे आणि रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी ते बेतानेच घ्यावे.