दिवा मालवला, गिझर राहिला

मागच्या वेळी वीजबिलावर जाता जाता दोन ओळी काय लिहिल्या, तुम्ही पत्रांचा पाऊसच पाडलात. त्यातली चार घेतेय. बाकीच्यांनी रागावू नका, बऱ्याच जणांचा प्रश्न एकच आहे.

ताई, आम्ही नाशिकला राहतो. घरात पाच माणसं, एसी नाही. तरी जानेवारीचं बिल मे महिन्यापेक्षा जास्त येतं. सासरे दिवसभर लाइट बंद करत फिरतात, रात्री पॅसेजचा दिवा चालू दिसला की माझ्यावर आवाज चढवतात. मीटर फास्ट झालाय का? आणि ३०० च्या वर एक युनिट जरी गेलं तरी सगळ्या युनिटांना वरचा रेट लागतो म्हणे, खरं का?

अगं, मीटरला आधीच गुन्हेगार ठरवू नकोस. नाशिकची थंडी, पाच माणसं आणि थंडीतच वाढणारं बिल म्हटल्यावर मला तरी बाथरूममध्ये लटकलेला गिझर दिसतो.

हिशोब बघ. टाकीचं पाणी सकाळी २० डिग्रीच्या आसपास असतं, त्याची एक २० लिटरची बादली आंघोळीपुरती गरम करायला जवळपास अर्धं युनिट लागतं. पाच माणसांच्या पाच बादल्या म्हणजे रोजची अडीच युनिटं, महिन्याची पाऊणशे. हे सगळे शहाण्यासारखे बादलीतच आंघोळ करतात असं धरून. पोरं दहा मिनिटं शॉवरखाली उभी राहत असतील तर त्यांच्या आंघोळीचं सरळ तिप्पट धर. आता सासऱ्यांचा पॅसेजचा दिवा. ९ वॉटचा एलईडी रात्रभर दहा तास जळला तरी महिन्याला पावणेतीन युनिटं होतात. त्यांना वाईट वाटेल असं काही बोलू नकोस, त्यांच्या काळात तिथे ६० चा पिवळा बल्ब असायचा आणि तेव्हा त्यांचं ओरडणं अगदी बरोबर होतं.

गिझर लावून ठेवून बाकी कामाला लागायचं हे बंद करा. सगळ्यांच्या आंघोळी पाठोपाठ उरका आणि शेवटच्याने बटण बंद करायचं असा नियम करा. टाकीवाला गिझर असेल तर थर्मोस्टॅट ५० वर आणा, कारण ७० डिग्रीचं पाणी करून त्यात परत गार पाणी ओतायचं याला काही अर्थ नाही.

मीटरची शंका असेलच तर घरातलं झाडून सगळं बंद करा, फ्रीजसुद्धा, आणि मीटरवरचा लाल दिवा बघत बसा. शेजारी ३२०० किंवा असाच काहीतरी आकडा छापलेला असतो, म्हणजे तो दिवा तितक्यांदा लुकलुकला की एक युनिट झालं. सगळं बंद असूनही लुकलुकत असेल तर आधी सेट टॉप बॉक्स आणि वायफायचा राउटर बघा, हमखास तेच राहून जातात. १० वॉटचा डबा चोवीस तास चालू राहिला तर महिन्याला सात युनिटं, सासऱ्यांच्या दिव्याच्या अडीचपट! मेन स्विच पाडल्यावरही मीटर पळत असेल तर मात्र इलेक्ट्रिशियन बोलवा, मधल्या वायरीत किंवा मीटरमध्येच काहीतरी गडबड आहे.

आता टप्प्यांचं. महावितरणचे घरगुती टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढचे असे आहेत, आणि वरचा रेट फक्त वरच्या युनिटांनाच लागतो, पहिल्या शंभराला शंभराचाच. तेव्हा ३०१ झाले म्हणून घरात सुतक नको. पण यातच एक फायद्याची गोष्ट आहे, ती अशी की तू वाचवलेलं युनिट नेहमी सगळ्यात महागातलं असतं, शिवाय त्यावरचं १६ टक्के वीज शुल्कही वाचतं. स्थिर आकार, म्हणजे दर महिन्याची ठरलेली रक्कम, मात्र काहीही केलंस तरी द्यायचाच आहे, त्यावर डोकं पिकवू नकोस.

उन्हाळ्यासाठी पंख्यांकडे बघ. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसीवाला, म्हणजे नव्या कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० च्या आसपास. दिवसाला १२ तास फिरला तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिटं कमी. युनिटला १० रुपये धरले आणि तुमच्याकडे थंडीत पंखा बंद असतो ते सोडलं तरी तीन हजाराचा पंखा दोन वर्षांत फिटतो. सगळे एकदम नको बदलूस, जो सगळ्यात जास्त फिरतो तो आधी.

मीही काही कमी नाही हं. वर्षभर मी लेकीला चार्जर काढ म्हणून ओरडत होते आणि माझ्याच फ्रीजचं रबर खालच्या कोपऱ्यात सैल झालं होतं, दार नीट लागतच नव्हतं, कॉम्प्रेसर सारखा घरघर. कळलं ते पण दुधाचं पातेलं घामेजायला लागलं तेव्हा. दारात वहीचा कागद अडकवून बघा, सहज ओढून निघाला तर रबर गेलंय. ते रबर वेगळं बदलून मिळतं, त्यासाठी नवा फ्रीज घ्यावा लागत नाही.

गॅस महाग झालाय म्हणून इंडक्शन घ्यावं म्हणते. स्वस्त पडेल का? (कोल्हापूर)

तुमचा युनिटचा रेट काय आहे त्यावर आहे. १४.२ किलोच्या एका सिलिंडरइतका स्वयंपाक इंडक्शनवर करायला साधारण सव्वाशे ते दीडशे युनिटं लागतात. आपल्या बिलातल्या सगळ्यात वरच्या टप्प्याच्या रेटने याला गुणा आणि सिलिंडरच्या किमतीशेजारी मांडून बघा. १०० च्या वरच्या टप्प्यात असाल तर बहुतेक गॅसच स्वस्त निघेल. सिलिंडर संपल्यावर अडायला नको म्हणून एक इंडक्शनची शेगडी असू द्या, एवढंच.

त्यापेक्षा तोच सिलिंडर आठ दिवस जास्त पुरवता येतो का बघा. डाळ तासभर भिजवा, कुकर लावताना वरण-भात-बटाटे एकावर एक लावून टाका, पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक. फुल्ल गॅसवर पाच शिट्ट्या म्हणजे वाफेवर पैसे उडवणं. आणि पातेल्यांची बुडं काळी पडत असतील, ज्योत पिवळी दिसत असेल तर बर्नर काढून घासा.

ताई, फ्लॅटच्या बाल्कनीत बादलीत खत करायला घेतलं. तिसऱ्या आठवड्यात वास, चिलटं आणि जाड अळ्या. नवरा म्हणतो फेकून दे. आणि यात पैसे वाचतात तरी का? (पुणे)

वास येतोय म्हणजे आत पाणी जास्त झालंय. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट सुकं टाका, वाळलेली पानं, कोकोपीट, फाडलेला पुठ्ठा काहीही, आणि दर दोन दिवसांनी काठीने तळापासून हलवा. तळाला भोकं हवीतच. उरलेली आमटी, रस्सा त्यात ओतू नका, अर्ध्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं. अळ्या दिसायला भयंकर, पण काही करत नाहीत, उलट कचरा भराभर खातात. तरी वर सुक्याचा जाड थर ठेवलात की नवऱ्यालाही दिसणार नाहीत.

पैशाचं विचाराल तर खताची एखादी पिशवी वाचेल, बस. खरा पैसा त्या बादलीत काय जातंय ते बघण्यात आहे. मी एक आठवडा कचरा टाकताना वहीत लिहून ठेवला होता. दर दोन दिवसांनी काळी पडलेली कोथिंबीर, तीन-चार कडक पोळ्या, आणि एक अख्खं वांगं जे मी विकत घेतल्याचं मला आठवतच नव्हतं. आता कोथिंबीर न धुता, मुळं छाटून, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवते, आठ-दहा दिवस टिकते. कणीक अंदाजाने न घेता वाटीने मोजून घेते. फोडणीची पोळी आमच्याकडे सगळ्यांना आवडते हो, पण आठवड्यातून चारदा नाही.

दुधाच्या पिशव्या धुवून ठेवते, पण घ्यायला कोणी येत नाही. काय करू? (ठाणे)

नुसत्या धुवून चालत नाही, उलट्या करून दोरीवर कोरड्या करा. ओलसर पिशव्यांना वास मारतो आणि मग रद्दीवाला हातही लावत नाही. पाच-दहा पिशव्यांसाठी तो जिने चढणार नाही, शेजारच्या दोन-तीन घरांच्या एकत्र करा, किलोभर झाल्या की बोलवा. आणि पिशवी उघडताना कोपरा पूर्ण कापून टाकू नका, जरासा चिकटलेला राहू द्या. तो नखाएवढा तुकडा सिंकच्या जाळीतून खाली जातो आणि मग प्लंबर बोलवायचे पैसे वेगळे.