अर्ध्या गुणासाठी पट आवरू नका

भाऊ, सप्रेम नमस्कार.

रावेरहून पाठवलेलं पत्र मिळालं. जळगावच्या १५ वर्षांखालील निवड स्पर्धेत शेवटच्या फेरीत पोराचा हातातला डाव बरोबरीत सुटला, अर्ध्या गुणाने राज्य स्पर्धा हुकली आणि तो एसटीत घरापर्यंत रडत आला. ‘बुद्धिबळ बंद करून क्लासला टाकू का?’ असं तुम्ही विचारलंय.

स्कोअरशीटचा, म्हणजे चाली लिहिलेल्या कागदाचा, फोटो पाठवलात, फार बरं झालं. चाळिसाव्या चालीपर्यंत अक्षर मोत्यासारखं, पुढे नुसती गिचमिड. शेवटी त्याचा राजा एफ-२ या घरात, प्यादं ई-२ वर, समोर एकटा काळा राजा ई-७ वर, आणि चाल पोराची. राजा ई-३ वर आणला असता तर डाव त्याचाच होता. त्याने प्यादं दोन घरं ढकललं. काळा राजा प्याद्याच्या वाटेत येऊन बसला आणि संपलं. राजा पुढे, प्यादं मागे, हे कुणी त्याच्याकडून घोटून घेतलेलं नाही. पोराची बुद्धी कमी पडली नाही हो, एंडगेमचा, म्हणजे मोजकी मोहरी उरल्यावरच्या खेळाचा, सराव कमी पडला. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापुरात जगज्जेता डिंग लिरेन बरोबरीच्या एंडगेममध्ये हत्तीची एक चाल चुकला आणि गुकेश विश्वविजेता झाला. हा तर आठवीतला पोर.

बंद करू नका. शाळाही सोडवू नका. नुसतं खेळून घर चालवणारे फार थोडे असतात. पण राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वेतही खेळाडूंची भरती होते. तिथे वरच्या पातळीवरच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात आणि त्यांची पडताळणी होते, म्हणून प्रत्येक कागद आतापासून फाइलला लावा. फिडे रेटिंगसाठी, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या गुणांकनासाठी, मात्र लगेच धावू नका. मार्च २०२४ पासून १४०० च्या खाली रेटिंग मिळतच नाही. कच्च्या तयारीने गावोगावच्या ओपन स्पर्धांच्या फिया भरणं म्हणजे केळीचे पैसे पाण्यात. वर्षभर रोज दीड तास, त्यातला निम्मा एंडगेमला.

आज रात्री जेवणं झाली की तीच तीन मोहरी पटावर मांडा. काळा राजा तुम्ही घ्या. पोरगा ओळीने दहा वेळा जिंकेपर्यंत उठू नका.