आजोबांचं नाव जनगणनेत सापडेल का?

प्रश्न: माझा भाचा लंडनला असतो, त्याच्या तिथल्या एका मित्राने 1921 च्या जनगणनेत स्वतःच्या पणजोबांचं नाव, वय, धंदा, घरातली माणसं सगळं ऑनलाइन काढलं. आमचं मूळ गाव चंदगड तालुक्यात, आम्ही आता राजारामपुरीत. आपल्याकडचं असं जुनं रेकॉर्ड कुठं बघायला मिळेल?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: दादा, आपल्याकडं जनगणनेत आजोबांचं नाव शोधत बसू नका, खूप जणांचा वेळ त्यात जातो म्हणून आधीच सांगतो. तिकडं 100 वर्षांनी घरोघरचे फॉर्म लोकांना खुले करतात, आपल्याकडं 1948 च्या जनगणना कायद्याने ते गोपनीय आहेत आणि कुणालाच बघता येत नाहीत. त्याच्या आधीच्या, म्हणजे 1872 पासूनच्या जनगणनांचेसुद्धा छापील तक्ते तेवढे मिळतात, नावं नाहीत.

पण तक्ते बिनकामाचे नाहीत हं. जनगणना खात्याच्या वेबसाईटवर जुने व्हॉल्यूम पीडीएफमध्ये फुकट आहेत, 1951 पासूनची जिल्हा पुस्तकं काढा, त्यात गाववार लोकसंख्या असते. 1901 ला कोल्हापूर संस्थानात 9,10,011 माणसं होती, दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी घटलेली, दुष्काळ आणि प्लेगचा काळ तो, त्यामुळं तुमच्या घरातलं कुणी त्या सुमारास गाव सोडलं असेल तर का सोडलं याचा अंदाज येतो. आणि एक, चंदगड 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं! तेव्हा 1951 चं पुस्तक बेळगावचं बघायचं, कोल्हापूरच्यात शोधलं तर गाव सापडणारच नाही. आजऱ्याचं वेगळं, ते इचलकरंजी जहागिरीत होतं, म्हणून आपलं गाव त्या वेळी कुणाच्या हद्दीत होतं ते आधी पक्कं करा मगच दप्तर धरा.

नावं पाहिजेत तर गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, जन्म-मृत्यूची नोंद त्यात असते. तहसील कार्यालयात रेकॉर्ड रूमला अर्ज करा. 2023 नंतर कुणबी नोंदी शोधताना ही दप्तरं बरीच चाळली गेलीत, त्यामुळं तिथल्या माणसांना नेमकं काय ते लगेच कळतं. फक्त आडनावावर शोधू नका, जुन्या नोंदीत 'रामा बिन सखाराम' एवढंच असतं, बिन म्हणजे त्याचा मुलगा. बारशाआधी नोंद झाली असली तर बाळाचं नावच नसतं, नुसतं मुलगा किंवा मुलगी आणि बापाचं नाव, तेव्हा बापाच्या नावावरून मागं जायचं. सोबत जुने फेरफार आणि गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर बघा, शाळेत वडिलांचं नाव आणि जन्मगाव मिळून जातं.

आणि हेळवी! आपल्या भागात सुगीनंतर गावात येऊन वंशावळ वाचून दाखवणारे हेळवी अजून आहेत, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा आपल्या घराण्याचे हेळवी कुठले, त्यांचा फोन मिळाला तर आजच लावा. ते वाचतील तेव्हा मोबाईलवर रेकॉर्डिंग करा, नावं भराभर म्हणतात आणि लिहून घेताना हमखास सुटतात. त्यांनी सांगितलेली नावं मग कोतवाल बुकाशी ताडून बघा.

जुनी पानं मोडीत असतील तर मोडी वाचक लागेल, पण त्यांना फक्त एका ओळीचा फोटो पाठवू नका, अख्ख्या पानाचा पाठवा, अक्षराचं वळण कळायला वरच्या-खालच्या ओळी लागतात.