इंदूरच्या राजवाड्यासमोर फोटो काढताना माणूस मधोमध उभा करावा का बाजूला?

बाजूलाच उभा करा, फ्रेमच्या साधारण एक तृतीयांशावर, कारण मधोमध ठेवला की तो दरवाजाच झाकतो आणि मागचा सात मजली वाडा नुसता पडदा वाटतो, बाजूला घेतला तर नजर आधी चेहऱ्यावर जाते न मग वर सरकते, खालचे 3 दगडी मजले, वरचे 4 लाकडी. मोबाईलमध्ये ग्रिड ऑन करा, रेघा छेदतात तिथे डोळे आणा. माणूस बघतोय त्या बाजूला जागा सोडा, नाहीतर भिंतीवर आदळल्यासारखा दिसतो! फक्त वाडा समोरून सिमेट्रिक आहे, त्यामुळे कॅमेरा बरोब्बर दरवाज्याच्या रेषेत असेल तर मधोमधही झकास येतो, पण मग पाऊलभरही इकडेतिकडे चालत नाही.