समाज ठरवतो ते सगळं बरोबरच का?

प्रिय मित्रा,

मेसेज वाचला. ताईच्या हळदीला विधवा काकूंनी हळद लावायची का नाही यावरून घरात वाद झाला आणि त्यातून तुझा प्रश्न आला, की नैतिकता समाजच ठरवत असेल तर त्याला चूक म्हणणारे आपण कोण?

धोंडो केशव कर्व्यांचं बघ. विधवेने पुन्हा लग्न करायला कायद्याने मान्यता मिळाली १८५६ ला, कर्व्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं १८९३ ला, म्हणजे मधे ३७ वर्षं गेली आणि तरीही त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. ती माणसं दुष्ट होती असं मला नाही वाटत, आपण धर्म राखतोय अशीच त्यांची खात्री असणार. पण बायको वारलेल्या पुरुषाने दुसरं लग्न केलं तर त्याच समाजाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. मी तरी कुठलाही नियम असाच तपासतो, त्याचा भार कोणावर पडतोय आणि नियम करताना त्या माणसाला कोणी विचारलं होतं का. विधवांना कोणीच विचारलं नव्हतं रे.

याचा अर्थ समाजाने शिकवलेलं सगळं फेकून द्यायचं असा नाही. कोणाचे पैसे बुडवू नयेत, दिलेला शब्द पाळावा हे पण आपण घरात आणि शेजारीपाजारीच शिकलो ना. आणि समाज म्हणजे काही एकच आवाज नसतो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे बंद, आणि त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. मुरुड पण समाजच आणि हेरवाड पण समाजच, तेव्हा तू काकूंच्या बाजूने बोललास तर समाजाच्या विरोधात गेलास असं कशाला मानतोस, समाजातलाच एक माणूस म्हणून बोलतोयस.

फक्त घाई करू नकोस. आधी काकूंना एकटीला गाठून विचार की त्यांची इच्छा आहे का, आणि चारचौघांत जमणार नाही म्हणाल्या तर आग्रह करू नको, कारण लोकांचं बोलणं त्यांना ऐकून घ्यावं लागणार आहे, तुला नाही. हो म्हणाल्या तर ताईशी बोल आणि हळदीच्या दिवशी त्यांना ताईनेच हाक मारू दे, आईशी मात्र आदल्या दिवशीच बोलून घे, ऐनवेळी तिला कोंडीत पकडू नको.

तुझा,
सर