मुंबईतल्या बॅलार्ड इस्टेटच्या कस्टम हाउसमधलं, म्हणजे आयात-निर्यातीवरच्या कराचं 'कस्टम' आणि रूढी या अर्थाचं 'कस्टम' एकच का?

हो, शब्द एकच आहे, आणि आधीचा अर्थ रूढीचाच. लॅटिनमधल्या 'कॉन्सुएतुदो' म्हणजे सवय, वहिवाट. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत 'कस्टम' होऊन आला. राजाला किंवा सरदाराला जे देणं वर्षानुवर्षं वहिवाटीने दिलं जायचं, त्यालाही लोक 'कस्टम'च म्हणू लागले. म्हणजे कर कायदेशीर कशामुळे, तर तो पूर्वापार चालत आला म्हणून! १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या (इंग्लंडच्या राजाने दिलेल्या हक्कांच्या सनदेच्या) मूळ लॅटिन मजकुरात हा दुवा स्पष्ट दिसतो: व्यापाऱ्यांकडून जुलमी कर घेऊ नयेत, फक्त 'जुन्या आणि रास्त' वहिवाटीप्रमाणे घ्यावं, असं त्यात आहे. तिथे वहिवाटीसाठी तोच लॅटिन शब्द आहे. पुढे १२७५ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने निर्यातीच्या लोकरीवर कर बसवला, त्यालाही 'कस्टम' म्हटलं गेलं. तो कर तर नवा होता, तरी नाव वहिवाटीचंच राहिलं. मला या शब्दाच्या प्रवासातला हा सगळ्यात सुंदर टप्पा वाटतो. नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे 'कस्टमर' आणि पेहरावाचा 'कॉस्च्युम' हेही त्याच कुळातले.

मात्र मराठीत 'कस्टम ड्यूटी'ला जकात म्हणू नका, ते सीमाशुल्क. मुंबईच्या नाक्यांवर महापालिका घ्यायची ती जकात वेगळी. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ती बंद झाली. सीमाशुल्क केंद्र सरकार १९६२ च्या कायद्याखाली आजही घेतं.