आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबी उपचाराच्या) आधी ‘ड’ जीवनसत्त्व कमी आलंय?

अगं, १४ आलं म्हणून रडू नकोस. रक्तात दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात आणि आपल्याकडे ती सर्रास सापडते. माझं तर ११ होतं.

– ६०,००० युनिटचं सॅशे बहुधा आठवड्यातून एकदाच असतं. नव्या मुली इथेच चुकतात, रोज घेतात आणि रक्तातलं कॅल्शियम वाढवून बसतात. कॅलेंडरवर वार लिहून ठेव.
– जेवणानंतर घे, उपाशीपोटी नको.

पातळी वाढेपर्यंत आयव्हीएफची सायकल (उपचाराची फेरी) मात्र स्वतःच्या मनाने पुढे ढकलू नकोस, त्यातून पस्तिशी उलटली असेल तर मुळीच नाही. इटलीतल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६३० स्त्रियांपैकी निम्म्यांना आधी मोठा डोस दिला होता, तरी गर्भ राहण्याचं प्रमाण वाढलं नाही. कमतरता भरून काढ, पण तारीख डॉक्टरांशी बोलूनच ठरव.